टेपचं दुसरं टोक

मनोहररावांनी टेपचं एक टोक काँक्रीटच्या कडेला टेकवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक गोटा ठेवला आणि दुसरं टोक उलगडत ते तोफेच्या खड्ड्याभोवती मागे मागे सरकू लागले. अर्ध्यावर गोटा घसरला आणि टेपचं टोक वाऱ्यावर फडफडायला लागलं.

"केदार, जरा टोक धर रे."

केदार वर हिरवळीवर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. त्याने हातानेच 'एक मिनिट' अशी खूण केली. त्याचं हे एक मिनिट सकाळपासून चाललं होतं. मनोहररावांनी आणखी मोठा गोटा शोधला.

टेप कापडी होती, चामड्याच्या डबीतली. अलिबागच्या शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी कोकणातले झाडून सगळे जलदुर्ग या टेपने मोजून काढले होते. त्या काळी दुसरं टोक धरायला केदार असायचा. हाफपँटमधला केदार "बाबा, धरलं!" असं इतक्या जोरात ओरडायचा की तटावरची कबुतरं उडायची. आता तो अमेरिकेत, सिएटलजवळ बॉथेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता आणि रविवारीसुद्धा कुणीतरी त्याला फोनवर धरून ठेवत असे.

फोर्ट केसीच्या या किल्ल्यावर यायचं मनोहररावांनी मार्चमध्ये विमानातून उतरल्या उतरल्या म्हटलं होतं. ऑगस्ट उजाडला तेव्हा कुठे मुहूर्त लागला. मधल्या काळात त्यांना धबधबा दाखवून झाला, विमानांचा कारखाना दाखवून झाला, ट्यूलिपचे मळे दाखवून झाले. बॉथेलमधल्या प्रत्येक मराठी घरातल्या आईवडिलांना याच क्रमाने हे सगळं दाखवलं जातं आणि तेही बिचारे प्रत्येक ठिकाणी स्वेटर घालून फोटोला उभे राहतात. मनोहररावही राहिले. पत्नी रत्नाबाई गेल्यानंतर केदारने हट्टाने इकडे आणलं होतं, तेव्हा पोराचं मन मोडू नये एवढं त्यांना कळत होतं.

आज मात्र ते खुशीत होते. किल्ल्यात शिरताना त्यांनी बूट काढले, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. कुठल्याही किल्ल्यात पाऊल टाकताना ते हे करत आले होते आणि माती अमेरिकेची आहे म्हणून नियम बदलायचं त्यांना कारण दिसलं नाही. दिव्याच्या मनोऱ्याजवळ कुत्रा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने ते पाहिलं. त्यांनी तिच्याकडे बघून मान लववली. तिने लववली नाही.

समोर सामुद्रधुनी होती. पॅसिफिकमधून सिअ‍ॅटलकडे जाणाऱ्या जहाजाला याच चिंचोळ्या पाण्यातून शिरावं लागतं. म्हणून शंभर वर्षांपूर्वी लष्कराने इथे तीन बाजूंना तीन किल्ले बांधले. शत्रूचं जहाज आत आलं की तिन्हींच्या माऱ्यात सापडलंच पाहिजे. किल्ला म्हणावा असं मात्र इथे काही नव्हतं. बुरूज नाही, तट नाही. टेकडीच्या पोटात काँक्रीट ओतून वर गवत लावलेलं. समुद्रावरून बघणाऱ्याला नुसती हिरवी टेकडी दिसावी. तोफ खड्ड्यात दडून राहायची, लोखंडी हातांवर वर यायची, गोळा टाकायची आणि त्याच धक्क्याने पुन्हा खाली बसायची. गंमत अशी की या किल्ल्याने शत्रूवर एकही गोळा टाकला नाही. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ते आलेच नाहीत. पुढे मूळच्या तोफा वितळवून टाकल्या. आता उभ्या होत्या त्या फिलिपाइन्सहून आणलेल्या, अंगावर लढाईचे वण असलेल्या. मनोहररावांनी त्यातल्या एका वणात बोट घालून पाहिलं.

"खांदेरीचंही असंच बघ," केदार अखेर खाली आला तेव्हा ते म्हणाले. "मुंबई बंदराच्या तोंडावर नेमकी. जागा कुणी हेरली, त्याला खरे मार्क. तोफा नंतर."

"हं."

"आणि एक सांगू? समुद्रावरून असा किल्ला फार कमी वेळा पडतो."

"माहितेय, बाबा. दार आतून उघडतं. लहानपणापासून ऐकतोय." केदारने घड्याळ पाहिलं. "संध्याकाळी लोक जेवायला येतायत. उपासना एकटी आहे घरी. चारची फेरीबोट पकडू ना?"

"पाचच फोटो. व्याख्यानाला हेच तर कमी आहेत."

व्याख्यान म्हटल्यावर केदार नेहमीप्रमाणे फोनकडे बघायला लागला.

मराठी मंडळाच्या गणपतीत मनोहरराव जलदुर्गांवर बोलणार होते. त्यासाठी अलिबागहून त्यांनी स्लाइड्सचा डबा मांडीवर घेऊन प्रवास केला होता. कपडे बॅगेत कोंबले, डबा हातात. खांदेरी, उंदेरी, पद्मदुर्ग, कुलाबा आणि शेवटी थेट अमेरिकेतली ही सामुद्रधुनी, असा त्यांचा बेत होता. रत्नाबाई गेल्यावर सगळं घर खायला उठायचं, तेव्हा हे व्याख्यान लिहीत ते बसायचे. त्यांना आता पुढे बघण्यासारखं तेवढंच होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. केदारला विचारलं की तो म्हणायचा, होईल बाबा, कमिटीशी बोललोय, डेट फायनल व्हायचीय.

केदारचा फोन पुन्हा वाजला आणि तो वर गेला. मनोहरराव केदारचाच डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून तोफेच्या कठड्यावर पालथे पडले. गोलंदाजाला पाणी कुठपासून कुठपर्यंत दिसत असेल, ते त्यांना बघायचं होतं. पलीकडच्या काठाला जाणारी फेरीबोट नेमकी मधोमध आली होती. त्यांनी एक डोळा मिटला, हात लांब केला, अंगठा बोटीवर धरला आणि अंतराचा अंदाज घेतला. मग फोटो काढला. बोटीमागून करड्या रंगाचं एक नौदलाचं जहाज आलं. असं भाग्य कुठलं! त्यांनी त्याचेही दोन फोटो काढले.

कुत्रेवाली बाई आता फोनवर बोलत होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती, पण मान पुन्हा पुन्हा वळत होती.

शेरीफच्या पोलिसांतला एक डेप्युटी आला तेव्हा मनोहरराव टेप गुंडाळत होते. उंच, तांबूस चेहऱ्याचा, मिशीवाला माणूस. आवाज सौम्य, पण एक हात पट्ट्याजवळ. त्याच्यामागून केदार धावत उतरत होता. हिरवळीवरून घसरला, हात टेकून उठला, तसाच आला.

"सर, आपण काय करताय ते सांगाल का?" डेप्युटीने मनोहररावांना इंग्रजीत विचारलं.

प्रश्न मनोहररावांच्या आवडीचा होता. त्यांनी चष्मा सारखा केला आणि घसा साफ केला. त्यांचं पहिलं वाक्य तयारच होतं.

"ऑफिसर, ही इज माय फादर," केदार मध्येच म्हणाला. धाप लागली होती. "ही डझन्ट अंडरस्टँड मच इंग्लिश."

मनोहररावांनी त्याच्याकडे पाहिलं. याचे शाळेतले इंग्रजी निबंध लाल शाईने त्यांनीच तपासले होते.

"ते मोजमाप करत होते, असं एकांचं म्हणणं आहे. बोटीवर नेम धरत होते. नौदलाच्या जहाजाचे फोटो काढत होते," डेप्युटी म्हणाला.

"आय नो. आय अ‍ॅम सो सॉरी." केदार दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. "ही इज नॉट वेल, ऑफिसर. मेमरी. डिमेन्शिया. त्यांना कळत नाही ते काय करतायत."

मनोहररावांचं तयार वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. माय मदर पास्ड अवे, तेव्हापासून."

डेप्युटीचा हात पट्ट्यावरून खाली आला. त्याने टोपी मागे सारली, जरा वाकला आणि लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून मोठ्याने विचारलं, "सर. आपण आत्ता कुठे आहोत, ठाऊक आहे?"

मनोहररावांनी मुलाकडे पाहिलं. केदारचा वरचा ओठ घामाने ओला झाला होता. त्याच्या ग्रीन कार्डची फाईल दोन वर्षं नेम चेकमध्ये, म्हणजे सरकारी नावतपासणीत, अडकली होती. त्याच्या ऑफिसातल्या एकाला साध्या चौकशीनंतर सहा महिने खेटे घालावे लागले होते, हे त्यांनी जेवताना ऐकलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, तेव्हापासून या देशात सावळ्या माणसाने कशाकडे बोट दाखवावं, याचेही नियम झाले होते. आणि ते इथे पालथे पडून बोटीवर अंगठा धरत बसले होते! चूक त्यांचीच होती. त्यांनी चेहऱ्यावरचे सगळे भाव काढून घेतले आणि ओठ जरा सैल सोडले.

"अलिबाग," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आमचं गाव," केदारने सांगितलं. "इंडियात."

डेप्युटीने मान हलवली. माझ्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं, तो म्हणाला. त्याने केदारचं नाव आणि गाडीचा नंबर टिपून घेतला आणि मनोहररावांच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. फोटो पुसायला त्याने सांगितलं नव्हतं. केदारनेच कॅमेरा वडिलांच्या गळ्यातून काढून घेतला आणि त्याच्यासमोर एकेक फोटो पुसायला लागला. तोफ गेली, खड्डा गेला, पाणी गेलं. शेवटी तर डेप्युटीच म्हणाला, इट्स ओके, इट्स ओके. तरी केदार थांबला नाही.

परतीच्या फेरीबोटीवर गाडीतून कुणी उतरलं नाही. केदार स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता, गाडी बंद असूनही.

"सॉरी, बाबा. एकदम सुचलं ते बोललो. पुढे काय झालं असतं, आय डोन्ट नो."

"बरं केलंस."

"तुम्हाला राग आलाय."

"नाही रे." आणि खरंच नव्हता. राग यायच्या जागी त्यांना पोराची दया आली होती. एवढा मोठा मॅनेजर, पण घसरून पडल्यावर पँटवरचं गवत झटकायचंही त्याला सुचलं नव्हतं. "वेडा बाप चालेल, अडकलेला पोरगा नको. पण अलिबाग कसं वाटलं? शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला कधी कुणी काम दिलं नाही, बघ. वाया गेलो."

केदारला आधी खोकला आल्यासारखं झालं, मग तो हसला. मनोहररावही हसले. पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघं हसत राहिले. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर घेतली. मार्चपासून बापलेक असे हसले नव्हते. मनोहररावांना वाटलं, फोटो गेले ते गेले, हे मिळालं.

"फोटो नसले तरी अडत नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "मी फळ्यावर काढून दाखवीन. सामुद्रधुनी काय, तीन रेघांचं काम आहे. मंडळात फळा मिळेल ना?"

केदारचं हसणं थांबलं. बोट धक्क्याला लागायला अजून अवकाश होता, तरी त्याने गाडी सुरू केली.

"बघतो," तो म्हणाला.

घरी पाहुणे जमले होते. साडेसात वाजून गेले तरी मागच्या डेकवर लख्ख ऊन होतं. सुनेने, उपासनाने, बटाटेवडे तळले होते, कुणी पुलाव आणला होता, कुणी विकतची बासुंदी स्वतःच्या भांड्यात ओतून आणली होती. केदारने किल्ल्यावरची गोष्ट काढली नाही. मनोहररावांनीही नाही. ते हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मनातल्या मनात फळ्यावर रेघा ओढत होते.

"काका! मी सुचित्रा. ओळखलंत का?"

मंडळाचे सांस्कृतिक कार्यक्रम बघणारी सुचित्रा त्यांच्यापुढे वाकून उभी होती. मनोहरराव तिला चांगलं तीनदा भेटले होते. ती नागपूरची होती, तिचे वडील रेल्वेत होते आणि तिला वांगं चालत नव्हतं, हे सगळं त्यांच्या लक्षात होतं. पण आज त्यांना भलतंच काहीतरी जाणवलं. ती मोठ्याने बोलत होती, एकेक शब्द सुटा करून. गेल्या दोन भेटींपासून ती अशीच बोलत आली होती. ही बाई जरा ठासून बोलते, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. आज दुपारी त्यांनी तोच सूर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला होता.

"ओळखलं तर. बरं झालं भेटलीस. मला एक फळा लागेल. साधा, खडूचा असला तरी चालेल."

"फळा?"

"गणपतीतल्या व्याख्यानाला. जलदुर्गांच्या."

सुचित्राने एकदा केदारकडे पाहिलं. तो डेकच्या दारात वड्यांची प्लेट घेऊन थांबला होता. मग तिने गुडघे टेकले आणि मनोहररावांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काका, त्याचं तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. आम्ही त्या दिवशी मुलांचे डान्सेस ठेवलेत. केदारने आम्हाला मेमध्येच सगळं सांगितलं. काकांना आता आठवत नाही, स्टेजवर मध्येच ब्लँक झाले तर त्यांनाच वाईट वाटेल, असं म्हणाला. इतका प्रेमाने बोलला ना! माझ्या सासूबाईंचंही असंच झालं होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, काका."

मे.

म्हणजे किल्ला नव्हता, डेप्युटी नव्हता, ग्रीन कार्डावर गदा येण्याचा प्रश्न नव्हता, तेव्हापासून. एप्रिलमध्ये याच खोलीत त्यांनी लोकांना खांदेरीच्या लढाईची हकिगत सांगितली होती. जरा लांबली होती. दोघंचौघं मध्येच उठून स्वयंपाकघरात गेले होते, एकाने जांभई दिली होती आणि केदार कानापर्यंत लाल झाला होता. बाप कंटाळवाणा आहे, हे त्याला बापाला सांगवलं नाही आणि लोकांनाही सांगवलं नाही. मग त्याने हे सोपं उत्तर शोधलं. दुपारी ते एकदम सुचलं नव्हतं. तीन महिने वापरून गुळगुळीत झालेलं, म्हणून तर पटकन तोंडात आलं. आणि त्यांनी त्याला वर शाबासकी दिली होती.

मनोहररावांनी उपासनाकडे पाहिलं. ती रिकामं पातेलं उगाचच पुसत होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

याच क्षणी उभं राहावं आणि खांदेरीवर पहिला दगड पडल्यापासूनचं सगळं सालवार म्हणून दाखवावं, समोरच्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि मुलांच्या इयत्ता सांगाव्या, असं त्यांना वाटलं. त्यांना ते सहज जमलं असतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. केदारचा वरचा ओठ ओला झाला होता. दुपारी होता तसाच.

मनोहररावांनी चेहऱ्यावरचे सगळे भाव काढून घेतले.

"कुठलं व्याख्यान?" त्यांनी सुचित्राला विचारलं.

सुचित्राचे डोळे भरून आले. तिने त्यांचा हात थोपटला. आजूबाजूची बोलणी हळूहळू बंद पडली. सगळे बघतायत म्हटल्यावर केदारला पुढे यावंच लागलं. तो खुर्चीपाशी आला, प्लेट पुढे केली.

"बाबा, थोडं खाऊन घ्या ना," तो म्हणाला.

मनोहररावांनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. परगावी लग्नात शेजारच्या पानावर बसलेल्या माणसाकडे पाहावं, तितक्या अदबीने. त्यांना सगळं आठवतंय, हे त्या गर्दीत एकट्या केदारला पक्कं ठाऊक होतं आणि तसं म्हणायला त्याने स्वतःला जागाच ठेवली नव्हती.

"थँक्यू," मनोहरराव म्हणाले. "आपण मूळचे कुठले?"

उपासनाच्या हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. केदारच्या हातातल्या प्लेटमधला वडा घरंगळून कडेला आला होता, तो त्याने अंगठ्याने सावरला.

"अलिबाग," तो म्हणाला.

"अस्सं? छान गाव आहे," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी प्लेट घेतली.